इंदूरला नव्याने आलेल्या कॅथलिक पालकांसाठी: शाळा, धर्मशिक्षण आणि रविवारचा वर्ग

वसईहून आम्ही इंदूरला आलो तेव्हा मुलगी तिसरीत जाणार होती. नवऱ्याची नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात, घर शहरात. ट्रकमध्ये सगळं सामान आलं, सासूबाईंनी बांधून दिलेलं सुकट आलं, भिंतीवरची पवित्र मरियेची तसबीर आली. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मात्र वसईच्या कपाटातच राहिला. तो कागद आणि माझा एक गैरसमज, या दोन गोष्टींपायी तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा संस्कार, एक वर्ष पुढे गेलं. आता मी स्वतः रविवारच्या वर्गात शिकवते. दर जून-जुलैला वसई, पुणे, नगर अशा कुठून तरी आलेलं एखादं मराठी कुटुंब वर्गाच्या दाराशी उभं असतं आणि प्रश्न तेच असतात. त्यांना जे तोंडी सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

शाळा वेगळी, धर्मग्राम वेगळा

माझा गैरसमज इथेच झाला. शाळा चर्चच्या आवारात, मुख्याध्यापक फादर, वर्गात क्रूस, आठवड्याला कॅटेकिझमचा तास. म्हणजे मुलीचं धर्मशिक्षण चालू आहे, रविवारचा वेगळा वर्ग कशाला, असं मी धरून चालले. फेब्रुवारीत पहिल्या कम्युनियनच्या मुलांची यादी चर्चच्या फलकावर लागली. त्यात तिचं नाव नव्हतं.

शाळेत धर्माशी संबंधित तीन गोष्टी चालतात आणि त्या तीन निराळ्या माणसांसाठी असतात. सकाळची असेंब्ली सगळ्यांसाठी. मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षणाचा तास बिगर-ख्रिस्ती मुलांसाठी. बहुतेक शाळांत त्याच वेळेला कॅथलिक मुलं दुसऱ्या खोलीत कॅटेकिझमला जातात. तिसरी गोष्ट संस्कारांची तयारी, आणि ती शाळेची नाहीच. पापनिवेदन, कम्युनियन, दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास पक्का करणारा संस्कार) यांची जबाबदारी धर्मग्रामाची, म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथल्या चर्चची आणि तुमची. चर्चच्या कायद्यातही पहिली जबाबदारी आईवडिलांचीच लिहिली आहे, धर्मगुरूंचं नाव त्यांच्या जोडीला येतं. शाळेतल्या तासाचा फायदा नक्की होतो, पण रविवारच्या वर्गाची हजेरी त्याने भरत नाही.

म्हणून इंदूरला आल्यावर आधी चर्च शोधा. शाळा नंतर.

चर्च शोधताना

शहराचं कॅथेड्रल म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. रिक्षावाल्याला मात्र ‘रेड चर्च’ सांगा, तेच नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ‘व्हाइट चर्च’ हे दुसरं, संत अॅनचं, आणि ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं म्हणजे प्रोटेस्टंट आहे. नव्याने आलेले लोक पहिल्या रविवारी हमखास चुकून तिथे पोचतात. त्यांचं स्वागत होतं, पण आपली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, तिथे नसते.

कॅथेड्रल सगळ्यांचं असलं तरी तुमचा धर्मग्राम तुमच्या पत्त्यावरून ठरतो. पहिल्या मिस्सेनंतर घाईने निघू नका. कार्यालयात जाऊन कुटुंबाची नोंद करा आणि तुमच्या वस्तीतल्या एससीसीची, म्हणजे छोट्या ख्रिस्ती समूहाची बैठक कुठे भरते ते विचारा. महिन्याकाठी कुणाच्या तरी घरी ती होते. मला घरमालक, दूधवाला आणि मुलीला गणित शिकवणाऱ्या बाई या तिघांचा पत्ता तिथेच लागला.

इंदूर धर्मप्रांत १९५२ साली झाला आणि तो लॅटिन विधीचा, म्हणजे रोमन उपासनापद्धतीचा आहे, वसईसारखाच. शेजारच्या उज्जैनचा धर्मप्रांत सायरो-मलबार, म्हणजे केरळच्या परंपरेतल्या विधीचा आहे. तिकडे कधी मिस्सेला गेलात आणि विधी वेगळा वाटला तर गोंधळू नका, तेही कॅथलिकच.

कागदपत्रं, निघण्यापूर्वीच

गाव सोडण्याआधी हे सगळं हातात असू द्या. इथून मागवायला फार त्रास होतो.

मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला, ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथूनच काढलेला. जुना घरात असला तरी ताजी प्रत घ्या, कारण नंतरचे संस्कार झाले असतील तर त्यांची नोंद ताज्या प्रतीवरच येते. सोबत तुमच्या प्रमुख धर्मगुरूंचं पत्र: हे कुटुंब आमच्या धर्मग्रामातलं आहे, मूल अमुक इयत्तेपर्यंत धर्मशिक्षणाला येत होतं. एवढ्या दोन ओळींनी इथल्या फादरांचा निम्मा प्रश्न सुटतो. कॅथलिक शाळेच्या प्रवेशालाही हेच दोन कागद लागतात. इथल्या फादरांचं शिफारसपत्र मिळालं तर ते जोडा.

शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर शाळेकडूनच इंग्रजीत मागून घ्या. राज्य बदलत असल्याने त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बऱ्याच शाळा मागतात. मुलाचा यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, जुन्या शाळेतून लिहून आणा.

आणि समग्र आयडी. मध्य प्रदेशात राज्य सरकारचा हा ओळख क्रमांक लागतोच: कुटुंबाचा आठ अंकी, प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. महाराष्ट्रातून येणाऱ्याने हे नावही ऐकलेलं नसतं, आणि शाळेच्या अर्जात त्याचा रकाना असतो. घराचा पत्ता पक्का झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागा. आधार कार्डावरचं नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. आपल्याकडे बाप्तिस्म्याला एक नाव आणि घरी-शाळेत दुसरं, असं फार घरांत असतं. तसं असेल तर फादरांना आधीच सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

शाळेतला दिवस

सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, मग उन्हाळ्याची सुट्टी, आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. जूनमध्ये नव्याने प्रवेश घेणाऱ्या मुलाचे काही धडे तेव्हा होऊन गेलेले असतात, ते पहिल्या महिन्यातच भरून काढा. शाळेची डायरी ही इथली मुख्य वस्तू. सुट्ट्या, गणवेश, दंड, निरोप सगळं त्यात, आणि रोज सही लागते.

असेंब्लीत प्रार्थना, सुविचार, बातम्या, राष्ट्रगीत. कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये देशभरच्या कॅथलिक शाळांना सूचना पाठवल्या. असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणावी, आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या मुलीला उद्देशिका पाठ झाली ती असेंब्लीतच.

डब्याचं सांगते, कारण पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. डबा शाकाहारी द्या. नियम लिहिलेला असो की नसो, बाकावर शेजारी बसलेलं मूल जैन किंवा वैष्णव घरातलं असू शकतं आणि मधल्या सुट्टीत डबे एकमेकांत फिरतात. पोहे दिलेत तर वर शेव टाकायला विसरू नका, नाहीतर मुलं विचारतील, “आंटी ने सेव क्यों नहीं डाली?” आमच्याकडे सुकट रविवारी दुपारी होतं, मिस्सेहून आल्यावर.

वर्गात कॅथलिक मुलं तीन-चारच असतात. वसईत जिथे आख्खा वर्ग दिवाळीला जेवढा उत्साही तेवढाच नाताळाला, तिथून आलेल्या मुलाला हे एकटेपण जाणवतं. घरी येऊन ते काही बोलणार नाही. तुम्हीच विचारा.

तीन भाषांचा गुंता

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मी इथे लिहिते आहे.

शाळेत प्रार्थना इंग्रजीत. चर्चमध्ये मिस्सा हिंदीत, काही ठिकाणी एखादी इंग्रजीत. घरी मराठी. मूल ‘हेल मेरी’, ‘प्रणाम मरिया’ आणि ‘नमो मरिये’ या तीन वेगळ्या प्रार्थना समजतं. खरंच समजतं, मी विचारून पाहिलं आहे.

शब्दही बदलतात. आपला धर्मग्राम इथे ‘पल्ली’, प्रमुख धर्मगुरू ‘पल्ली पुरोहित’, बिशप ‘धर्माध्यक्ष’. ख्रिस्तप्रसाद इथे ‘परमप्रसाद’, पापनिवेदन ‘पापस्वीकार’, जपमाळेची प्रार्थना ‘माला विनती’, नाताळची गव्हाण ‘चरनी’. दृढीकरण तेवढं तेच. भेटल्यावर ‘जय येसु’ म्हणतात. मुलाला हे शब्द एका कागदावर लिहून द्या आणि फ्रिजवर लावा.

वर्षभर थांबून मुलगी रविवारच्या वर्गात बसली तो पहिला दिवस मला अजून दिसतो. मी मागे दाराशी होते. सिस्टर एकेकाला उभं करून प्रार्थना म्हणून घेत होत्या. हिची पाळी आली. उभी राहिली आणि सवयीने सुरू केलं, “नमो मरिये, कृपापूर्ण…” पुढच्या बाकावरची दोन मुलं हसली. ती थांबली. फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, मान खाली. सिस्टरांनी पुस्तक मिटलं, तिच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पूरा बोलो बेटा, माता मरिया को मराठी भी आती है.” तिने हळू आवाजात शेवटपर्यंत म्हटलं. मग सिस्टरांनी स्वतःच्या लहानपणीची प्रार्थना मल्याळममध्ये म्हणून दाखवली, “नन्म निरञ्ञ मरियमे…” हसणाऱ्या मुलांपैकी एकाने हात वर केला. त्याच्या आजीला कुडुखमध्ये, म्हणजे उरांव आदिवासींच्या भाषेत येते, पुढच्या रविवारी तो विचारून येणार होता.

आता मी काय करते ते सांगते, तुम्हीही करून पाहा. लॅटिन विधीत रविवारची वाचनं जगभर साधारण एकच असतात, तीन वर्षांच्या चक्रातली. म्हणून शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर उद्याचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनातला उतारा) घरी मराठीत वाचायचं. पाच मिनिटं लागतात. वाचणारं दर आठवड्याला वेगळं. सकाळी तेच हिंदीत कानावर पडतं तेव्हा मुलाला गोष्ट ठाऊक असते आणि हिंदी आपोआप कळते. तीन प्रार्थना मात्र मराठीतच पाठ हव्यात: क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिये. मे महिन्यात गावी गेल्यावर आजी-आजोबांबरोबर जपमाळेला बसता आलं पाहिजे. हिंदीतल्या वर्गात शिकतीलच, इंग्रजीतल्या शाळेत शिकतील. मराठीतल्या फक्त तुम्ही शिकवू शकता.

पहिल्या कम्युनियनची तयारी

पोप दहावे पायस यांनी १९१० साली कम्युनियनचं वय खाली आणलं, साधारण सात वर्षांवर, म्हणजे मुलाला समज आल्यावर. प्रत्यक्षात तिसरी-चौथीच्या सुमाराला होतं. तयारी वर्षभराची असते, काही ठिकाणी दोन वर्षांची. जूनमध्ये नाव घातलं नाही तर अधेमधे घेत नाहीत, आणि आता शिकवायला लागल्यावर मला ते बरोबरच वाटतं.

पहिलं पापनिवेदन कम्युनियनच्या आधी. मुलं त्याला घाबरतात. घरी त्याची रंगीत तालीम करू नका, आणि “फादरांना सांगेन हं” ही धमकी तर चुकूनही देऊ नका. मुलाला एवढंच सांगा की फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत, आईलाही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला हे कळल्यावर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही, पाणी चालतं. हे मुलांच्या लक्षात राहतं, मोठ्यांच्या राहत नाही. सकाळी पाहुण्यांसाठी आणलेली जलेबी समोर येते. पांढऱ्या कपड्यांवर फार खर्च करू नका. बहुतेक ठिकाणी फादर सगळ्यांना एकसारखा साधा पोशाख सांगतात. वसईहून शिवून आणण्याआधी विचारून घ्या.

परीक्षेचं गणित आधी जमवा. शाळेच्या वार्षिक परीक्षा मार्चमध्ये, ईस्टरआधीचा उपवासकाळही त्याच सुमाराला, आणि कम्युनियन बहुतेक ईस्टरनंतर. शुक्रवारची क्रुसाची वाट, रविवारचा वर्ग आणि गणिताचा पेपर एकाच आठवड्यात येतात. अभ्यास आहे म्हणून रविवार बुडवायची सवय एकदा लागली की दहावीपर्यंत सुटत नाही. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो, उपवासाचा १८ नंतर, त्यामुळे लहान मुलांना उपाशी ठेवू नका. त्यांना एखादी आवडती गोष्ट स्वतः निवडून सोडू द्या.

रंगपंचमीही याच दिवसांत. इंदूरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहिली नसेल तर मुलं हट्ट धरणारच, आणि ती पाहण्यासारखीच आहे. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला, नेमकी पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी आली. दुपारपर्यंत राजवाड्याजवळ रंगाचे फवारे आणि रात्री ईस्टरचा जागर. आमच्या वर्गातल्या दोघांच्या कानामागे मेणबत्तीच्या उजेडात गुलाबी रंग दिसत होता. फादरांनी पाहिलं आणि हसून पुढे गेले.

शेजारच्या मराठी घरांसाठी

रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या काकू मला नेहमी विचारतात, “आमच्या नातवाला कॅथलिक शाळेत घालतोय, प्रार्थना करायला लावतील का?” त्यांना मी सांगते ते असं. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत कुणालाही, लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. असेंब्लीत तुमच्या मुलाने हात जोडून शांत उभं राहिलं की पुरे, क्रुसाची खूण करण्याची गरज नाही. कॅटेकिझमचा तास त्याच्यासाठी नसतोच. मेंदी, टिकली, हातातला गंडा, राखी याबद्दल प्रत्येक शाळेचा नियम वेगळा. प्रवेशाच्या दिवशीच विचारा आणि उत्तर डायरीत कुठे छापलं आहे ते पाहा. श्रावणात रडारड होण्यापेक्षा ते बरं. काही खटकलं तर आधी वर्गशिक्षिकेला भेटा, मग फादरांना. बहुतेक गोष्टी त्या खोलीतच मिटतात.

राणी मरिया यांची गोष्ट

इंदूरला आलात तर ही गोष्ट मुलांना सांगाच. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मरिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत. त्यांना सावकारीच्या पाशातून सोडवण्यासाठी झटत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला यायला निघालेल्या बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर राणी मरिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. त्यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. सहावी-सातवीच्या मुलांना तिथे घेऊन गेलं की परतीच्या बसमध्ये फार वेळ शांतता असते. मग कुणीतरी विचारतं, “टीचर, तुम्ही राखी बांधली असती?” मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही, आणि मुलांना मी तसंच सांगते.

नाताळ आणि थंडी

हे छोटं आहे, पण वसईकरांनी वाचाच. मध्यरात्रीच्या मिस्सेला मुलांना स्वेटर, टोपी, मोजे घाला. डिसेंबरात इथे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मिस्सा बऱ्याचदा उघड्यावर मांडवात असते. पहिल्या वर्षी मी मुलीला फक्त नवा फ्रॉक घालून नेलं. ग्लोरियापासून, म्हणजे मिस्सेच्या सुरुवातीच्या स्तुतिगीतापासून, ती एका अनोळखी आजींच्या शालीत होती.

दृढीकरण

आठवी-नववीच्या सुमाराला बिशप येऊन देतात. यासाठी धर्मपिता किंवा धर्ममाता लागते: कॅथलिक, दृढीकरण झालेली, १६ वर्षांहून मोठी, आणि मुलाचे आईवडील सोडून. नवीन गावात असं माणूस पटकन सापडत नाही, म्हणून वर्षभर आधी विचार करा. गावाकडचं कुणी असेल तर रेल्वेचं तिकीट तारीख कळताच काढा.

संस्कार झाल्यावर इथलं कार्यालय तुमच्या मूळ चर्चला कळवतं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या नावासमोर दृढीकरणाची नोंद होते. लग्नाच्या वेळी हीच नोंद लागणार आहे, तेव्हा ती झाली का ते पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर स्वतः पाहून या. आम्ही गेलो तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी जाडजूड वही टेबलावर उघडली. मुलीने बोटाने ओळ शोधली: तिचं नाव, आमची नावं, धर्ममातेचं नाव, आणि कडेला नव्या शाईत तारीख आणि ‘इंदूर’.